एका बैठकीला एकच टप्पा

संपादक महोदय, सा. न.

नव्याने लिहिणाऱ्यांनी रोज ठरल्या वेळी लिहायला बसावं, असा सल्ला आपल्या रविवार पुरवणीत वाचला. नुसतं बसून काय होतं ते मी पाहिलंय. एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालो तेव्हा मुलीने ब्लॉग काढून दिला. पहिला लेख निरोप समारंभावर होता. नातेवाइकांनी वाहवा केली आणि तिथेच घोडं अडलं. पुढे रोज पहाटे चहा घेऊन बसायचो आणि ‘जीवन हा एक प्रवास आहे’ यापलीकडे काही उमटत नसे. उभी हयात गाडीत काढलेल्या माणसाला हे वाक्य किती पोकळ वाटतं म्हणून सांगू!

विषय सुचत नाहीत, असं लोक म्हणतात. मला तर वाटतं विषय ढिगाने असतात, लेखक दिसायचा सोस आडवा येतो.

मला वेबिलाने, म्हणजे वाहकाच्या तिकीट-हिशेबाच्या कागदाने, वाचवलं. तिकिटाचं मशीन येण्याआधी आम्ही ट्रेमधली तिकिटं पंच करून द्यायचो. टप्पा आला की प्रत्येक दराच्या गठ्ठ्यातल्या वरच्या तिकिटाचा नंबर वेबिलावर टिपायचा. गाडीत मुंगी शिरायला जागा नसली तरी टिपायचा, कारण पुढे लाइन चेकिंगवाले कधी हात दाखवतील याचा नेम नसे. तसंच लिहायचं ठरवलं. कराड-चिपळूण मार्ग घेतला. मल्हारपेठ, पाटण, हेळवाक, कुंभार्ली घाट, पोफळी. एका बैठकीला एक टप्पा आणि त्या टप्प्यावरचा एकच प्रवासी. त्याच्याजवळ सामान काय होतं, नोट कितीची दिली, सुट्टे नव्हते म्हणून तिकिटामागे किती लिहून दिले, एवढंच. शैलीबिली काही नाही.

पाटणहून कोयनानगरला जाणारी एक आजी आठवली. टोपलीत कोंबडी, वर फडकं बांधलेलं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप ती दर खेपेला सांगायची. पोरं बाहेर काढली, मग म्हशीचं दावं तोडलं, आणि नवरा तेवढ्यात पागोटं शोधत बसला होता म्हणून आजतागायत शिव्या! सांगता सांगता तिकिटामागचे आठ आणे मागायला मात्र चुकायची नाही. हे लिहिताना पेन अडलं नाही, कारण मला नवं काही रचायचंच नव्हतं, फक्त आठवायचं होतं.

एक सुचवतो. लेखन स्पर्धांचे विषय ‘पावसाळा आणि मी’, ‘माझा आवडता ऋतू’ असेच किती वर्षं द्यायचे? आपण पुरवणीत ‘कामावरचा एक माणूस’ असं छोटं सदर सुरू करा. नर्सबाई, गवंडी, पोस्टमन, दूध डेअरीवर फॅट मोजणारा, सगळ्यांना लिहू द्या. शब्दमर्यादा दीडशेच ठेवा. शुद्धलेखन मात्र तुमचं तुम्ही तपासून घ्या.

– एक निवृत्त एसटी वाहक, कराड