पान ४३ वरच्या पेन्सिलीच्या ओळीसाठी

ताई, सप्रेम नमस्कार.

पुस्तक काल छपाईला गेलं. फाइल पाठवल्यावर पहिली आठवण तुमचीच झाली. फोनवर आभार मानायला गेलो की तुम्ही विषय बदलता, म्हणून लिहूनच टाकतोय.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या पुस्तकात रिकामी जागासुद्धा मजकूरच असते, हे तुमच्याआधी या पुस्तकावर काम केलेल्या दोघांना सांगून मी थकलो होतो. पहिल्यांनी कोडच्या ओळी दोन्ही समासांना भिडवल्या. "पान सुबक दिसतं," म्हणाले. दुसऱ्यांनी सरळ अवतरणचिन्हं काढून वळणदार घातली. तसली चिन्हं पायथनला चालत नाहीत, ई-प्रतीतून कॉपी केलेला प्रोग्राम तिथेच अडकतो. हे दाखवलं तर उत्तर मिळालं, "कोड कोण एवढं बारकाईनं वाचतं?" ते वाक्य अजून बोचतं. शिकणारा वाचतो! अक्षरन् अक्षर वाचतो, कारण त्यातलं कुठलं सोडून चालेल हे त्याला अजून माहीत नसतं.

तुम्ही मात्र प्रूफ हातात आल्यावर आधी कॉम्प्युटरसमोर बसलात आणि छापील पानावर बघून एकेक प्रोग्राम स्वतः टाइप केलात. कुणी सांगितलं नव्हतं. प्रूफ परत आलं तेव्हा पान ४३ च्या समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं: "माझ्याकडे फक्त ७० आलं. चूक माझीच वाटली, तीनदा तपासलं."

साताचा पाढा होता तो. लूप, म्हणजे तेच काम पुन्हापुन्हा करून घेणारा भाग, आणि गुणाकार पानाच्या तळाशी, उत्तर दाखवणारी प्रिंटची ओळ पान उलटल्यावर माथ्याला, एकटी. वर ताडून बघायला दुसरी ओळच नाही, मग ती चार स्पेस आत, म्हणजे लूपमधली आहे, की समासाला लागून, म्हणजे लूपबाहेरची, हे कळावं कसं? तुम्ही ती लूपच्या बाहेर टाइप केलीत. पायथननं एरर दिली नाही, दहा ओळींऐवजी शेवटचा आकडा तेवढा दाखवला. एरर आली असती तर शिकणारा निदान शोधायला लागला असता. इथे तो मुकाट्यानं स्वतःला मठ्ठ ठरवून पुस्तक मिटणार होता. त्या एका ओळीत तुम्ही त्याची बाजू मांडलीत.

बाकी सगळं तुमच्या सांगण्याप्रमाणे झालंय: कोडच्या डावीकडे बारीक उभी रेघ, शून्य आणि ओ वेगळे दिसणारा फॉन्ट. ओळीच्या लांबीवर मीच अडून बसलो होतो. पायथन कसं लिहावं याचे संकेत सांगणाऱ्या पेप ८ मध्ये ओळीला ७९ अक्षरांपर्यंत मुभा आहे, ती सोडवत नव्हती. तुम्ही शांतपणे हिशेब मांडलात: ९ पॉइंटच्या कुरिअर फॉन्टमध्ये एक अक्षर ५.४ पॉइंट जागा घेतं, आपला मजकूर साडेअकरा सेंटिमीटर रुंद, म्हणजे ओळीत ६० अक्षरं. "टाइप बारीक करू नका, ओळ आखूड लिहा." लिहिल्या. कितीतरी प्रोग्राम आधीपेक्षा स्वच्छ झाले.

चुका दाखवणारे जाणकार भेटतात. ज्याला काहीच येत नाही त्याच्या शेजारी जाऊन बसायला हुशारी पुरत नाही, माया लागते. ती तुमच्याकडे आहे, आणि माझ्या न बघितलेल्या वाचकांना ती मिळाली.

पहिली प्रत तुमच्याकडे येईल. आधी पान ४३ उघडा. लूप, प्रिंट आणि खाली ७ पासून ७० पर्यंत दहाही ओळी, सगळं एकाच पानावर आहे.

तुमचा ऋणी,
लेखक