दादाच्या गोळ्यांबद्दल

ती. बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बोलते तेव्हा दादा शेजारीच असतो, म्हणून लिहिते आहे. आई, बाबांना वाचून दाखव. आणि पूर्ण होईपर्यंत त्यांना मधे बोलू देऊ नको.

बाबा, तुमचं म्हणणं असं की "दारू सोडवाले नेलं, अन् डॉक्टरनं डोकस्याच्या गोळ्या कायले देल्ल्या?" गोळ्या दोन आहेत. नाल्ट्रेक्सोन दारूवरची आहे. तिच्यामुळे प्यायल्यावर येणारी मजा उणी होते आणि ओढ हळूहळू उतरते. सर्ट्रालीन ही उदासीवरची. मेंदूतल्या पेशी सेरोटोनिन नावाचं द्रव्य सोडतात आणि लगेच परत ओढून घेतात. हे परत ओढणं ती गोळी आवरते. म्हणजे दादाला कोणी पागल ठरवलेलं नाही.

पण नुसत्या सर्ट्रालीनने दारू सुटते, असंही नाही. उदासी नसलेल्या माणसाला दारूसाठी म्हणून ती दिली तर फारसा उपयोग दिसत नाही. कमी वयातच पक्के पिणारे झालेल्या काहींना तर अशा गोळ्यांनी उलट त्रासच झाल्याचं अभ्यासात दिसलं. म्हणूनच डॉक्टरने खोदून खोदून विचारलं होतं, की प्यायला नव्हता त्या दिवसांतही मन असंच असायचं का. २०१७ ला बोंडअळीने पऱ्हाटी खाल्ली, तेव्हापासून दादा वावरात जायला टाळू लागला, जेवण तुटलं, पोळ्याला बैल सजवायलाही उठला नाही. बाटली त्यानंतर आली. आपल्या घरात सगळ्यांनी बाटली पाहिली, आधीचं कोणी पाहिलं नाही.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाला दारू आणि उदासी दोन्ही असलेल्या १७० जणांवर एक अभ्यास झाला होता, २०१० साली छापून आला. १४ आठवड्यांत दोन्ही गोळ्या घेणाऱ्यांपैकी सुमारे ५४ टक्के लोकांनी दारूला हात लावला नाही. एकच गोळी किंवा औषध नसलेली गोळी मिळाली, त्यांच्यात हे प्रमाण २१ ते २८ टक्के होतं. म्हणजे दोन्ही घेऊनही जवळपास निम्मे प्यायलेच. दादा एखाद्या दिवशी पिऊन आला तर "गोळ्या वाया गेल्या" म्हणून बंद करू नका. सर्ट्रालीनला लागू पडायला काही आठवडे लागतात. पेरल्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही अंकुर शोधता का, बाबा? पहिले काही दिवस मळमळेल, झोप बिघडेल. बरं वाटलं तरी ती एकदम सोडायची नाही.

शेजारच्या काकांनी सांगितलेली उलटीची गोळी, ऑन्डॅनसेट्रॉन, हे अगदीच खोटं नाही. तीही सेरोटोनिनवरच काम करते. २००० सालच्या एका अभ्यासात पंचविशीच्या आधी दारूत अडकलेल्यांचं पिणं तिने कमी झालं होतं. पण तो डोस इतका बारीक होता, की साठ किलोच्या माणसाला एका वेळी पाव मिलिग्रॅमही होत नाही. मी औषधाच्या दुकानात रोज विकते ती गोळी चार नाहीतर आठ मिलिग्रॅमची असते. शिवाय दारूसाठी तिला मान्यता नाही, आणि दादा प्यायला लागला चौतिसाव्या वर्षी. काकांना चहा पाजा, गोळी घेऊ नका.

आई, आता तुझी दारू सोडवायची पुडी. भाजीत न कळत कालवायची ना? त्या पुडीत काय आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येणार नाही. तिच्यात डायसल्फिराम, म्हणजे प्यायल्यावर त्रास व्हावा म्हणून द्यायचं औषध, असलं आणि वरून दादा प्यायला, तर चेहरा लाल होईल, उलट्या होतील, छाती धडधडेल, रक्तदाब पडेल. यात जीवही जाऊ शकतो. ते औषध माणसाला सांगून, त्याच्या मर्जीनेच देतात. फेकून दे, पैशाचं दुःख करू नको.

बाबा, तुमची गुडघ्याची ट्रामाडॉल दादाला कधीच द्यायची नाही, कंबर कितीही दुखो. नाल्ट्रेक्सोन तिचा असर अडवते आणि सर्ट्रालीनसोबत ती धोक्याची आहे, झटके येऊ शकतात. डबा तुमच्या पेटीत कुलपात ठेवा.

आपल्या वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे, तरी दादाला दारू शोधत कधी फिरावं लागलं नाही. तेव्हा बंदीच्या भरवशावर राहू नका.

पुढच्या तारखेला लिव्हरची रक्ततपासणी आहे. मी सकाळच्या बसने येते. आधीचे रिपोर्ट मोठ्या पिशवीत नको, साध्या फायलीत लावून ठेवा.

तुमची
बेबी