पाऊण इंचाचा उंबरा

पुणे, 12 ऑगस्ट

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फरशीचं काम एकदाचं संपलं. सामान लावायचं राहिलंय, ते तू आल्यावरच, आई. नाहीतर डबे कुठे गेले म्हणून मलाच ऐकावं लागेल. आणि हो, स्वयंपाकघरातली शहाबादी जागच्या जागी आहे. गवंड्याने एकेक फरशी ठोकून पाहिली. एकच पोकळ वाजली, ती उचलून परत बसवली. पाट्याजवळचा टवकासुद्धा तसाच आहे.

घोळ झाला तो हॉलच्या दारात. फोडाफोड नको म्हणून जुन्या मोझॅकवरच नवी टाइल चिकटवली. टाइल 10 मिमी, खालचा मसाला 4, आणि पाणसळ लावल्यावर कळलं की स्वयंपाकघर मुळातच 4 मिमी खाली आहे. म्हणजे 18. मिस्त्री म्हणाला, "ताई, पाऊण इंच तर आहे, पट्टी मारून टाकू."

मी नको म्हटलं. बाहेरच्या दाराचा उंबरा चांगला चार इंच उंच आहे, पण त्याला बाबा कधी अडखळले नाहीत. तिथे पाय आपोआप उचलला जातो. पाऊण इंच डोळ्यांना दिसतच नाही, पायाला मात्र लागतं. त्यात बाबा, तुम्ही घरात पाय घासत चालता (रागावू नका), आणि हातात चहाचा कप असतो.

म्हणून तिथे उतार केलाय. चाकाच्या खुर्चीसाठी रॅम्प करतात तसा, एकास बारा. 18 मिमीला 216, म्हणजे साडेआठ इंच. माळ्यावरच्या जुन्या पलंगाची सागवानी फळी सुताराने रंध्याने उतरती केली. खालची कड 3 मिमी ठेवली, त्याहून पातळ केली तर चिरते म्हणाला. फळीचा रंग दोन्ही फरश्यांहून वेगळा आहे, त्यामुळे कुठून उतरायचं ते संध्याकाळच्या उजेडातही दिसतं. दार तेवढं खालून तासावं लागलं.

तुमच्या खोलीतल्या लॅमिनेटने मात्र माझी दोन दिवसांची रजा खाल्ली. आधीच्या माणसाने ते चारही भिंतींना भिडवून बसवलं होतं आणि दारातली पट्टी आरपार स्क्रूने आवळली होती. जुलैच्या पावसात ते फुगलं आणि मधोमध पापडासारखं वर आलं. लॅमिनेट मोकळं ठेवायचं असतं, हे मला तेव्हा कळलं. आता भिंतीकडेने 10 मिमी फट आहे, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. दारात बोहरी आळीतून आणलेली पितळी पट्टी आहे. ती फक्त टाइलच्या बाजूने पक्की केलीय; लॅमिनेट तिच्याखाली सरकायला मोकळं.

बाथरूमचा उंबरा काढला नाही. तिथली फरशी खोलीपेक्षा खालीच हवी, नाहीतर पाणी थेट पलंगाखाली येईल. ग्रॅनाइटची कड गोल करून घेतली आणि आत शिरताच हाताशी येईल असा दांडा बसवला. आई, त्यावर ओला टॉवेल वाळत घालू नकोस.

बाबा, येताना त्या जुन्या सपाता ताईकडेच ठेवा. त्यांचे तळ पार गुळगुळीत झालेत. नव्या आणून दाराशी ठेवल्यात.

तुमची,
धाकटी