निमंत्रण वाढदिवसाचं, मांडणी भांड्यांची

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घरी बोलावून वस्तू विकायला माझी हरकत नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर लोक म्हणतील, हिचं स्वतःचं भांड्यांचं दुकान, पोटात दुखणारच. दुकान आहेच. पारोळ्याला सासऱ्यांपासूनचं आहे आणि आमचे हे गेल्यापासून गल्ल्यावर मी बसते. त्यामुळे भांड्यांतलं थोडंफार कळतं, विक्रीतलंही कळतं. माझं म्हणणं एवढंच आहे की विक्री असेल तर ती निमंत्रणातच सांगा. वाढदिवस म्हणून माणसं गोळा करायची आणि औक्षणाचं तबक खाली ठेवलं न ठेवलं तोच पंच्याऐंशी हजारांचा संच पुढ्यात मांडायचा, हे काही बरं नाही.

झालं असं. माझ्या मोठ्या नणंदेला, आम्ही त्यांना अक्का म्हणतो, साठ पूर्ण झाली. त्या धुळ्याला देवपुरात राहतात. आपल्याकडे साठी म्हणजे शांत, भटजी, होम, पंगत. सूनबाईंना ते नको होतं, त्यांना सरप्राइज द्यायचं होतं. हौस चांगलीच होती. अक्कांना शेजारणीबरोबर एकविरा देवीच्या दर्शनाला धाडलं. आम्ही नातेवाईक, गल्लीतल्या बाया, अक्कांच्या भजनी मंडळातल्या मैत्रिणी अशी तीसेक माणसं आधीच येऊन हॉलमध्ये दिवे-पंखे बंद करून घामाघूम बसलो. मोबाइलवर आलेल्या निमंत्रणात बारीकसारीक सगळं होतं. चपला मागच्या दारी काढा, गाडी कोपऱ्यावर लावा, अक्कांपाशी बोलू नका. भांड्यांचा मात्र एक शब्द नव्हता.

अक्का आल्या, दिवे लागले, सगळे ओरडले. त्या आधी दचकल्या, मग पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. कणकेचे साठ दिवे लावून औक्षण केलं. इथपर्यंत दृष्ट काढावी असा सोहळा.

मग कोणीतरी विचारलं, केक कुठाय? सूनबाई म्हणाल्या, केक इथेच होणार आहे, तुमच्यासमोर. आणि आतल्या खोलीतून टायवाला एक तरुण आणि एक मुलगी चाकांच्या दोन बॅगा ओढत बाहेर आले. टेबलावर पांढरी चादर पसरली, दोन शेगड्या मांडल्या, झाकणांची चळत लावली. दीड तास कोणाला जागचं हलता आलं नाही. जेवण त्यांच्याच भांड्यांत व्हायचं होतं ना!

केक झाला. कढईत, मंद आचेवर, ओव्हनशिवाय. चांगला झाला होता, खोटं कशाला बोलू. मग बिनपाण्याची दुधीची भाजी झाली आणि टाळ्या पडल्या. दुधीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. घट्ट झाकण आणि बारीक आच असली की ती आपल्याच पाण्यात शिजते. आपली आजी झाकणावर पाणी ठेवून हेच करायची. पण खरी गंमत पुढे झाली. त्या पोराने वांगी कापून तव्यात घातली, झाकण ठेवलं आणि म्हणाला, आता बघा, धूर नाही, काळं नाही, दहा मिनिटांत भरीत! खान्देशात! ज्या जळगावच्या भरीताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, जिथे थंडीत मळ्यात कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजून लाकडी बडगीत ठेचतात, तिथे बसून हे सांगायचं. अक्कांचे चुलत सासरे कोपऱ्यात खुर्चीवर होते. त्यांनी चमच्याने चाखलं आणि शांतपणे म्हणाले, "हाई भरीत नही शे, भाऊ." त्या दिवसातली एवढीच गोष्ट आठवून मला अजून हसू येतं.

हसू थांबलं ते सोड्याच्या प्रयोगाला. पोराने सूनबाईंना म्हटलं, घरातलं रोजचं एक पातेलं आणा. त्यांनी ओट्याखालचं जर्मनचं आणलं. त्यात पाणी घातलं, चमचाभर खायचा सोडा टाकला, खळखळ उकळलं. तसंच पाणी त्यांच्या भांड्यातही उकळलं. मग दोन्ही पाणी छोट्या कपांत ओतून फिरवलं. आमच्या पातेल्यातलं पाणी कडवट, गढूळ, त्यांचं साधं. आणि तो मुलगा अक्कांकडे वळून म्हणाला, "काकू, हे इतकी वर्षं तुम्ही घरच्यांना खाऊ घालताय."

ते पातेलं आमच्याच दुकानातलं. लेकीच्या लग्नात सासऱ्यांनी दिलेल्या भांड्यांतलं. बुडाशी अक्कांचं नाव आणि लग्नाची तारीख आहे, सासऱ्यांनी स्वतः छिन्नीने टोचून घातलेली. अक्का काही बोलल्या नाहीत. उठून पातेलं घेतलं, आत जाऊन घासून पालथं घातलं आणि परत येऊन बसल्या. ज्या बाईचा वाढदिवस, तिच्याच संसाराला तीस माणसांसमोर विष म्हणायचं, आणि तिने पुन्हा हसून फोटोला उभं राहायचं!

आता या प्रयोगात काय आहे ते लिहिते, कारण तो तुमच्या वाचकांपुढेही कधीतरी होईल. जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम. त्याच्यावर हवेने एक पातळ थर आपोआप धरतो, तो आतल्या धातूला सांभाळतो. सोड्याचं पाणी क्षारधर्मी असतं आणि उकळताना तोच थर खातं. म्हणजे प्रयोग निवडलाच आहे असा की ॲल्युमिनियम नापास व्हावं. सोड्याचं पाणी उकळून कोण पितं? बट्टीच्या कणकेत चिमूटभर जातो, तेवढाच. ॲल्युमिनियमला दुसरं वावडं आंबटाचं. म्हणून ताक, चिंच, आमसुलाचं सार जर्मनमध्ये रात्रभर ठेवू नये, हे आम्ही गिऱ्हाइकाला पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. साध्या चांगल्या स्टीलच्या पातेल्यात हाच प्रयोग करा म्हटलं असतं, तर फरक दाखवणं त्याला जड गेलं असतं.

दुसरं, तो पोरगा आपल्या भांड्यांना सारखं 'सर्जिकल स्टील' म्हणत होता. ऐकायला ऑपरेशन थिएटर आठवतं. धातूच्या भाषेत बोलायचं तर चांगलं स्टील म्हणजे 304 नंबरचं, ज्यात साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. सर्जिकल म्हणतात ते बहुधा 316; त्यात वर दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम घालतात, ते खाऱ्या पाण्याला आणि रसायनांना जास्त टिकतं. वाईट नाही, उत्तमच आहे. पण वरण शिजवायला 304 आयुष्यभर पुरतं. मी त्याला विचारलं, भाऊ, संचाचं वजन किती? तो म्हणाला, मॅडम, हे वजनावर नसतं. आमच्या धंद्यात तर पहिला प्रश्न वजनाचाच असतो, काट्यावर ठेवल्याशिवाय कोणी हात लावत नाही. मी पुढे बोलणार तेवढ्यात सूनबाईंचा चेहरा पाहिला. "मामी, प्लीज," एवढंच म्हणाल्या. मी गप्प बसले. दुकानात उभी असते तर नसते बसले.

आणि नेमकं याच जागी मला या प्रकाराची खोच कळते. दारावर बोहारीण येते. जुनी लुगडी उलटीपालटी करून बघते, आपण डबा मागतो, ती वाटी दाखवते, अर्धा तास घासाघीस होते, आणि नाही पटलं तर ती टोपली उचलते, आपण दार लावतो. कोणाचा राग नाही. दिवाळीआधी गल्लीतली कोणी साड्यांचा सेल लावते, तीही सांगते की सेल लावलाय, या; ज्यांना घ्यायचं त्या जातात. इथे तसं नाही. इथे नाही म्हणायचं ते टायवाल्या पोराला नसतं, अक्कांच्या सुनेला असतं, तेही तिच्या घरी केक खाऊन. त्या पोराला आपण जन्मात पुन्हा भेटणार नाही. सुनेला आखाजीला भेटणार, लग्नकार्यात भेटणार.

सूनबाई लोभी आहेत असं नाही. तीन संच खपले तर एक मोठी कढई यजमानीणबाईंना फुकट, असं त्यांना सांगितलं होतं, आणि ती कढई त्या अक्कांनाच भेट देणार होत्या. म्हणजे सासूची भेट पाहुण्यांच्या खिशातून, आणि हे पाहुण्यांना ठाऊक नाही. आम्ही आणलेली साडी, शाल, पाकिटं ती वेगळीच. शेवटी प्रत्येकीच्या हातात फॉर्म दिला. त्यात आपलं नाव-नंबर तर होताच, शिवाय 'वाढदिवस जवळ आलेल्या पाच मैत्रिणींची नावं' लिहायला रकाने होते. मी रकाने कोरे ठेवून दिला.

अक्कांच्या समोर एक अंगणवाडी मदतनीस राहते. नवरा नाही, दोन मुलं शिकताहेत. तिने तवा घेतला. एक तवा, अकरा हजारांना, हप्त्यांवर. जिन्यात मी विचारलं, "कसाले व माय येवढा महागाचा तवा?" ती म्हणाली, सगळ्यांनी काही ना काही लिहिलं, मी एकटीच कशी उठू? अक्का अडीनडीला पैसे देतात मला. या एका वाक्यासाठी मी हे पत्र लिहायला बसले.

कायद्याचं म्हणाल तर तो आहे, आणि चांगला आहे. माझी मुलगी नाशिकला वकिली करते, तिने मला नियम वाचून दाखवले. थेट विक्रीबाबतचे ग्राहक संरक्षण नियम केंद्र सरकारने 28 डिसेंबर 2021 रोजी लागू केले. त्यात लिहिलं आहे की थेट विक्री करणाऱ्याने बोलायला सुरुवात करतानाच, कोणी विचारायची वाट न पाहता, आपण कोण, कोणत्या कंपनीचे, काय विकायला आलो आणि कशासाठी आलो हे खरं खरं सांगायचं. ओळखपत्र आणि आधी घेतलेली वेळ असल्याशिवाय ग्राहकाच्या घरी जायचं नाही. किंमत, पैसे फेडायच्या अटी, माल परत करायच्या आणि बदलून घ्यायच्या अटी, हमी हे सगळं सांगायचं. इथे घरमालकिणीची परवानगी होती, मान्य. पण समोर बसलेल्या तीस जणींना कशासाठी बसवलं हे केक खाऊन झाल्यावर कळलं. आतल्या खोलीत लपून बसणं हे 'सुरुवातीलाच सांगणं' कसं होतं, ते कोणीतरी समजावून द्यावं.

मुलीनेच सांगितलं की या घरगुती पार्ट्यांची सुरुवात अमेरिकेतली. 1950 च्या दशकात ब्राउनी वाइज नावाच्या बाईने टपरवेअरचे डबे दुकानांऐवजी असेच घरोघरी बायका जमवून खपवले, आणि पुढे 1996 मध्ये ते डबे आपल्याकडेही आले. पण ती पार्टी डब्यांची म्हणूनच असायची. जाणारीला ठाऊक असायचं, पर्स घ्यायची की घरी ठेवायची.

ज्यांनी अशा कार्यक्रमात नाव लिहून दिलं आहे त्यांनी आधी कागद नीट बघावा. पावती जीएसटी क्रमांकासह पक्की आहे का, परतीची मुदत लिहिली आहे का, हप्ते कंपनीचे की एखाद्या फायनान्सचे. हप्ता फायनान्सचा असेल तर तवा परत केला तरी कर्ज आपोआप जात नाही, तिथेही लेखी कळवावं लागतं. संचात प्रेशर कुकर असेल तर त्यावर आयएसआयचं चिन्ह सक्तीचं आहे, ते शोधा. फसवणूक वाटली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे, मराठीत बोलता येतं. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते. दर 24 डिसेंबरला ग्राहक दिनी हार-तुरे आणि भाषणं होतात. त्या दिवशी कोणीतरी हे सोड्याचं पाणी सगळ्यांसमोर उकळून दाखवावं, जर्मनमध्येही आणि साध्या स्टीलमध्येही. पातेली मी देते.

हौशी सुनांना, लेकींना एकच सांगणं. भांडी दाखवायचीच असतील तर निमंत्रणात खाली एक ओळ घाला: 'जेवणानंतर भांड्यांचं प्रात्यक्षिक आहे, थांबायची सक्ती नाही.' ज्यांना आवड आहे त्या थांबतील, मीसुद्धा थांबेन. धंदा म्हणून बघायला मला आवडतं, त्या पोराची जीभ फार गोड होती.

अंगणवाडीतल्या त्या बाईचा तवा परत घ्या म्हणून आम्ही लेखी कळवलं आहे, अर्ज माझ्या मुलीने लिहून दिला. अजून उत्तर नाही.

पत्र छापलंत तर नाव छापू नका. अक्कांच्या घरी तुमचाच पेपर येतो. सूनबाई ओळखतीलच म्हणा, पण छापील नावाने ओळखू नये एवढंच.

आपली,
एक भांडी-दुकानदारीण,
पारोळा, जि. जळगाव