नॅशव्हिलहून बाबांना

बाबा, नमस्कार,

आई म्हणाली तुम्ही विचारत होतात की हा तिकडे कसलं गाणंबजावणं ऐकत फिरतो. ते म्हणजे कंट्री म्युझिक, इथलं अमेरिकेतलं खेडवळ गाणं. फोनवर अर्धवट राहतं, म्हणून लिहूनच टाकतो.

तुम्ही आयुष्यभर पॉलिस्या विकल्यात ना, मग ही गोष्ट तुमच्यासाठीच. इथल्या नॅशनल लाइफ नावाच्या विमा कंपनीने 1925 मध्ये स्वतःचं रेडिओ स्टेशन काढलं, डब्ल्यूएसएम, आणि शनिवारी रात्री फिडल-बँजोवाल्या खेडवळ मंडळींना बोलवून त्यांचं वाजवणं ऐकवायला लागले. लोक रेडिओला चिकटून बसायचे, मग एजंट दारात गेला की आधी गाण्याचा विषय, नंतर हप्त्याचा :) तोच कार्यक्रम म्हणजे ग्रँड ओल ऑप्री, अजून चालू आहे.

नावाचा किस्सा 1927 च्या डिसेंबरमधला. आधी शास्त्रीय संगीताचा कार्यक्रम झाला, त्यात ऑर्केस्ट्राने आगगाडी वाजवली. मग डब्ल्यूएसएमचा निवेदक जॉर्ज हे (आडनावच ‘हे’) याने आपली गाडी सोडली, म्हणजे डीफोर्ड बेलीला माइकसमोर उभं केलं. कृष्णवर्णीय माणूस, लहानपणी पोलिओ झालेला, अगदी बुटका, हातात फक्त माउथ ऑर्गन, आणि त्यातनं शिट्टी, चाकांचा खडखडाट, गाडी लांबून येते, जवळ येते, निघून जाते, सगळं!! ते झाल्यावर तो निवेदक म्हणाला की आत्तापर्यंत ग्रँड ऑपेरा ऐकलात, आता ग्रँड ओल ऑप्री ऐका (ऑप्री म्हणजे ऑपेराचाच गावठी उच्चार). झालं, तेच नाव चिकटलं.

आणि त्याच बेलीला टूरवर हॉटेलात खोली द्यायचे नाहीत आणि 1941 मध्ये ऑप्रीनेही काढून टाकलं. रॉयल्टीच्या भांडणामुळे त्याच्या गाजलेल्या धून रेडिओवर बंद झाल्या होत्या, पण त्याच जॉर्ज हेने नंतर त्याला चक्क आळशी ठरवलं. पुढे बिचारा बूटपॉलिशच्या दुकानावर जगला, 1982 मध्ये गेला आणि कंट्री म्युझिकच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे मानाच्या यादीत, नाव लागलं ते 2005 मध्ये. मला तर संतापच येतो.

1943 ते 1974 ऑप्री जिथे व्हायची ते रायमन सभागृह मूळचं प्रार्थनेसाठी बांधलेलं, त्यामुळे बसायला अजून चर्चसारखी लाकडी बाकं, पाठ धरते माझी. तिथेच 11 जून 1949 ला हँक विल्यम्स हा गाजलेला कंट्री गायक पहिल्यांदा ऑप्रीत गायला आणि सहा वन्स मोअर! तुमच्या नाट्यसंगीताच्या जमान्यासारखंच की. त्यालाही 1952 मध्ये दारूपायी काढलं आणि 1953 च्या एक जानेवारीला गाडीच्या मागच्या सीटवर गेला, वय 29 फक्त. त्याच्या बाबतीत निदान कारण तरी होतं हो, बेलीचं काय?

रविवारी फोन करतो तेव्हा बेलीची आगगाडी ऐकवतो, गाण्याला शब्दच नाहीत त्यामुळे इंग्रजीचं टेन्शन नाही. आईला कानाचं मशीन लावून बसायला सांगा.

तुमचा,
बाळू