खात्यात अडकलेले ११,४०० रुपये परत मिळण्याबाबत

शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर
दि. १५ डिसेंबर २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन रमी कंपनी

महोदय,

मी उद्यमनगरात लेथवर काम करतो. दोन वर्षं तुमच्या ॲपवर पैसे लावून रमी खेळलो. हरलो त्याची तक्रार नाही, पत्ते मीच टाकले.

२२ ऑगस्टला ऑनलाइन गेमिंग कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली आणि तुम्ही पैशांची टेबलं बंद केली. तेव्हा माझी शिल्लक ११,४०० रुपये होती, बोनस सोडून. पैसे काढायला अर्ज केला, तर आधी पॅन कार्डाचा फोटो अस्पष्ट, मग पासबुकावर नाव-आडनाव उलटसुलट. पैसे भरताना हेच पॅन बरं चाललं! आता चॅटवर उत्तर येतं, "नव्या कायद्यामुळे व्यवहार थांबलेत." कायद्यानं बंदी घातली ती पैशांचे खेळ चालवण्यावर. ग्राहकाची शिल्लक दाबून ठेवा असं त्यात कुठं आहे? खेळणाऱ्याला त्यात शिक्षाही नाही, तेव्हा "तुम्हीही अडचणीत याल" ही भीती मला घालू नका.

वर ३० टक्के टीडीएस कापणार म्हणे. एप्रिल २०२३ पासून हा कर निव्वळ जिंकलेल्या रकमेवर लागतो. या आर्थिक वर्षात मी भरले ६८,०००, काढले ९,०००, सुरुवातीची शिल्लक शून्य. हे ११,४०० मिळाले तरी मी ४७,६०० नी खड्ड्यात. यात जिंकलो कुठं?

खरी सल मे महिन्यातली आहे. पोराच्या शाळेची फी खेळात गेली, त्या रात्री तुम्हाला ईमेल केला : माझं खातं बंद करा, मला पैसे भरताच येऊ नयेत. उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी रात्री पावणेबाराला मेसेज आला, "तुमची आठवण येतेय, ५०० रुपये बोनस घ्या." घेतला. पहाटेपर्यंत ४,००० गेले. आमच्या गल्लीतला मटकेवालासुद्धा एखाद्याच्या बायकोनं येऊन सांगितल्यावर त्याची चिठ्ठी घ्यायचा नाही.

पूर्ण ११,४०० रुपये, काहीही न कापता, १५ दिवसांत माझ्या बँक खात्यावर जमा करा. मे महिन्यातला ईमेल कुणी वाचला आणि नंतर तो बोनस कुणी पाठवला, हेही लेखी कळवा. नाहीतर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून जिल्हा ग्राहक आयोगात येईन. ईमेल, मेसेज आणि बँकेचा उतारा सोबत जोडला आहे.

आपला,
एक ग्राहक