'गेट'चं कोडं

मुलुंड,
रविवार

प्रिय शालन,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर म्हणालीस, "त्या इंग्रजी 'गेट'चे (get) अर्थ पाठ करून करून डोकं उठलंय." मी लोकलमध्ये होते, नीट बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र.

पाठ करू नकोस गं. आपलं 'लागणे' घे. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, दादरला जायला वेळ लागतो, बाळ चालू लागतं. हे कधी पाठ केलं होतं का आपण? सोबत कोणता शब्द आलाय त्यावरून कळतं. 'गेट'चंही तसंच, फक्त तिथे पुढचा शब्द बघायचा. पुढे वस्तू आली तर मिळणं, 'आय गॉट अ सीट'. जुन्या नॉर्स भाषेतून हा शब्द इंग्रजीत आला तोही 'मिळवणे' याच अर्थाचा. विशेषण आलं तर होणं: 'इट्स गेटिंग लेट', उशीर होतोय. ठिकाण आलं तर पोचणं: 'आय गॉट टू ठाणे'. घरी पोचताना मात्र नुसतं 'गॉट होम', 'टू' नको.

आपण चुकतो ते वेगळ्याच जागी. पार्लरमधून आलं तरी आपण 'केस कापले' असंच म्हणतो ना? मी ऑफिसात तसंच 'आय कट माय हेअर' म्हटलं. मॅडमनी विचारलं, "घरीच कापलेस?" फार लागलं मनाला, कारण व्याकरण कुठेच चुकलं नव्हतं. दुसऱ्याकडून करून घेतलं की 'आय गॉट माय हेअर कट'. वस्तू मध्ये, क्रियापदाचं तिसरं रूप शेवटी. ब्लाउज शिवून घेतला, मोबाइल दुरुस्त करून घेतला, सगळं याच साच्यात बसतं. मराठीत 'करून घेतलं' म्हणता येतंय का, एवढंच आधी मनात बघ. आणि करणाऱ्या माणसाचं नाव घ्यायचं असेल तर 'टू' येतो: 'आय गॉट हिम टू फिक्स इट'.

आणखी एक. 'गेट डाउन ॲट दादर' आपल्याकडे सगळेच म्हणतात, पण इंटरव्ह्यूत 'गेट ऑफ' म्हण. ट्रेन-बसला 'ऑन' आणि 'ऑफ', रिक्षा-टॅक्सीला 'इन' आणि 'आउट ऑफ'.

बुधवारी चर्चगेटला कितीच्या लोकलने येतेस ते कळव. मी स्टेशनवरच थांबते.

तुझीच,
वासंती